घाटावरचा मुलूख : वाशीम जिल्ह्याच्या भ्रमंतीची प्रस्तावना

अकोल्याहून वाशीमकडे निघालेली एसटी पातूर सोडते आणि घाट चढू लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सागाची झाडी लागते, वळणावर इंजिनाचा आवाज बदलतो आणि थोड्याच वेळात गाडी पुन्हा सपाटीवर येते. अकोला समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटरवर, वाशीम साडेपाचशेच्या आसपास. सह्याद्रीतले घाट पाहिलेल्या प्रवाशाला हा चढ जाणवणारही नाही. वऱ्हाडातला जाणता माणूस मात्र मुलखाचे दोन भाग याच चढावर पाडतो. खालचा तो ‘घाटाखालचा’, वरचा तो ‘घाटावरचा’. जुन्या फारसी दप्तरांत हेच भाग पयनघाट आणि बालाघाट या नावांनी येतात. नावे बदलली, राज्ये बदलली, चढ जागेवर राहिला.

काही वर्षांपूर्वी मार्चच्या उन्हात मी वाशीमजवळच्या काटा गावच्या शिवारात नकाशा घेऊन फिरत होतो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बांधावरून हाक मारली, “कायले हिंडता बापा उन्हात? इथं काय हाय पाह्यासारखं?” मी म्हणालो, “बाबा, पाणी कोणीकडं जाते ते पाहून राहिलो.” त्यांनी नकाशाकडे पाहिलेही नाही. हातातल्या काठीने आधी एका धुऱ्याकडे आणि मग दुसऱ्या धुऱ्याकडे बोट केले. “ह्या धुऱ्याचं पाणी अकोल्याकडं, त्या धुऱ्याचं पुसदाकडं.” एवढे सांगून ते पुन्हा आपल्या कामाला लागले.

त्या दोन धुऱ्यांचा अर्थ मोठा आहे. काट्याच्या परिसरातून निघणारी काटेपूर्णा उत्तरेला उतरते, पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. त्याच परिसरातून निघणारी पूस पूर्वेकडे वळते. तिचे पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी अशी नावे घेत बंगालच्या उपसागरात पोचते. भारताच्या दोन समुद्रांची पाणवाटणी एका शेताच्या बांधावर होते आणि ज्याच्या बांधावर ती होते तो माणूस विचारतो की इथे पाहण्यासारखे काय आहे. त्यांचे ज्ञान आणि त्यांचा प्रश्न, दोन्ही घेऊन मी परत आलो. हे पुस्तक त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे आणि ही प्रस्तावना त्या उत्तराकडे जाणारी वाट.

आधी विषयाची हद्द सांगतो. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पूर्वेकडचे फाटे या जिल्ह्यातून जातात. जमीन सगळी काळ्या बेसाल्टची. सखल भागात खोल काळी माती, चढावर मुरमाड बरड. शेजारी नामांकित आहेत. पश्चिमेला बुलढाण्यातले लोणारचे सरोवर, आग्नेयेला नांदेडमधला माहूरगड, उत्तरेला सातपुड्यातला मेळघाट. प्रवासी या ठिकाणांकडे जाताना वाशीमवरून जातो, वाशीमला येत नाही. एका मोठ्या नावाने ओळख सांगता येत नाही ही या जिल्ह्याची अडचण आहे. माझ्या मते अभ्यासकासाठी तीच संधी आहे. इथे एक वस्तू पाहून परतता येत नाही. नदी, ताम्रपट, तांडा, माळ, दर्गा आणि मठ यांचे एकमेकांशी असलेले नाते पाहावे लागते, आणि नाते पाहायला चालावे लागते.

यापूर्वी या मुलखावर लिहिले गेले नाही असे नाही. आल्फ्रेड लायल यांनी १८७० मध्ये वऱ्हाडचे गॅझेटिअर तयार केले. यादव माधव काळे यांनी १९२४ मध्ये ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी वाकाटकांचे कोरीव लेख एकत्र संपादित केले, तो खंड १९६३ मध्ये निघाला. डॉ. हिरालाल जैन यांनी कारंज्याच्या जैन भांडारांतल्या पोथ्यांना मुद्रित रूप दिले. वाशीमच्या मातीतूनच आलेले कादंबरीकार नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि गॅझेटिअरने कधी न ऐकलेले आवाज मराठी वाचकापर्यंत पोचले. या सर्वांचे ऋण मोठे आहे. प्रत्येकाने आपापली खिडकी उघडली. एका खिडकीतून दिसलेले दुसरीतून दिसलेल्याशी जोडायचे काम राहिले आहे, आणि ते ग्रंथालयात बसून पुरे होणार नाही.

डोंगरी सीमाप्रदेशांचा अभ्यास जगात कसा चालतो, हे इथे पाहण्यासारखे आहे. आग्नेय आशियात म्यानमार, थायलंड, लाओस, व्हिएतनाम आणि चीनचा युन्नान यांच्या सीमा जिथे भिडतात तो सगळा उंच मुलूख विलेम व्हॅन शेंडेल यांनी २००२ मध्ये ‘झोमिया’ या नावाने एकत्र विचारात घेतला. जेम्स स्कॉट यांनी २००९ मध्ये त्यावर गाजलेला ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : साधारण तीनशे मीटरच्या वर राहणारे हे समाज मागासलेले म्हणून डोंगरात उरले नाहीत, खालच्या भातखाचरांतल्या राज्यांचे कर, वेठ आणि सैन्यभरती टाळण्यासाठी ते वर गेले. डोंगर हा त्यांनी निवडलेला आसरा होता.

तीनशे मीटरची ती रेषा वाचली तेव्हा मला पातूरचा घाट आठवला. ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाडच्या वर्णनात वाशीमभोवतीच्या हटकरांचा उल्लेख येतो. ते मानी आहेत, कोणाला जुमानत नाहीत आणि त्यांच्यापाशी हजार घोडेस्वार व पाच हजार पायदळ आहे, असे अबुल फजल नोंदवतो. आंध आणि फासेपारधी यांची वस्ती, बंजाऱ्यांचे तांडे, यांकडे पाहिले तरी घाटमाथ्याने आसरा दिल्याचे जाणवते. पण स्कॉट यांचे सूत्र वाशीमला जसेच्या तसे लागू करता येत नाही. इथल्या डोंगराने राज्य टाळणाऱ्यांना जागा दिली आणि राज्य करणाऱ्यांनाही. जिथे हटकर मोगलांना जुमानत नव्हते, तिथेच बारा शतके आधी एक राजधानी होती. आसरा आणि सिंहासन एकाच माथ्यावर, ही वाशीमची खासियत आहे. या पुस्तकातले सगळे लेख त्या एका गोष्टीभोवती फिरतात.

त्या राजधानीचे नाव वत्सगुल्म. वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याच्यानंतर राज्याच्या शाखा झाल्या. एक रामटेकजवळच्या नंदिवर्धनला राहिली, दुसरी त्याचा पुत्र सर्वसेन याने वत्सगुल्मला स्थापन केली. हा चौथ्या शतकाचा काळ. सर्वसेन स्वतः कवी होता. त्याने प्राकृतात ‘हरिविजय’ हे काव्य लिहिले. ते आज उपलब्ध नाही, पण नंतरच्या साहित्यशास्त्रकारांनी त्याची आठवण ठेवली. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचे लग्न लागते ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. नावाच्या दोन कथा आहेत. स्थळपुराण वत्स ऋषींच्या आश्रमाकडे बोट दाखवते, तर कामसूत्रावरची ‘जयमंगला’ टीका वत्स आणि गुल्म या दोन भावांची गोष्ट सांगते.

१९३९ मध्ये वाशीमला एक ताम्रपट सापडला. सर्वसेनाचा पुत्र विंध्यशक्ती याने राज्याच्या सदतिसाव्या वर्षी दिलेल्या दानाचा तो लेख. त्याची वंशावळ संस्कृतात आहे आणि व्यवहाराचा भाग प्राकृतात. दरबाराची भाषा आणि गावाची भाषा तांब्याच्या त्याच पत्र्यांवर शेजारी बसल्या आहेत. या लेखाने वत्सगुल्म शाखेचे अस्तित्व निःसंशय सिद्ध केले आणि अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या झिजलेल्या लेखातली नावे नीट लागली. ते लेणे वराहदेवाने कोरवून घेतले. वराहदेव हा वत्सगुल्मच्या हरिषेण राजाचा मंत्री. म्हणजे अजिंठ्याची ती भिंत पाहून थक्क होणारा प्रवासी वाशीमच्याच दरबाराचे काम पाहत असतो. डोंगररांगही तीच आहे, वाट फक्त आपण विसरलो आहोत.

मला या काळातला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो तो वाशीमजवळच्या हिस्सेबोराळा गावचा शिलालेख. शक ३८०, म्हणजे इ. स. ४५८. देवसेन राजाच्या वेळी स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने ‘सुदर्शन’ नावाचे सरोवर बांधले, असे तो सांगतो. लेण्यांमधले दान देवासाठी असते, हे काम पाण्यासाठी होते. घाटमाथ्यावर नद्या उगम पावतात म्हणूनच इथे पाणी थांबत नाही, दोन्ही अंगांनी उतरून जाते. हे दुखणे साडेपंधराशे वर्षांपूर्वीच्या अधिकाऱ्याला ठाऊक होते आणि त्यावरचा उपायही. आज वाशीम शहर एकबुर्जीच्या धरणाचे पाणी पिते. हिस्सेबोराळा आणि एकबुर्जी एकाच दिवसात पाहावे. एकामुळे दुसरे कळते.

शहरातच फिरायचे तर बालाजी मंदिर आणि पद्मतीर्थ आहेच. बालाजीचे मंदिर अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या सेवेतल्या भवानी काळू यांनी उभारले, आश्विनात तिथे मोठा उत्सव भरतो. पण वाटेत मध्यमेश्वराच्या देवळापाशी थांबावे. प्राचीन ज्योतिषी लंकेपासून मेरूपर्यंत जी भूमध्यरेषा धरत, तिच्यावरच्या गावांत भास्कराचार्यांनी उज्जयिनीबरोबर वत्सगुल्माचे नाव घेतले आहे. ग्रीनिचच्या कितीतरी आधी कालगणनेचे मोजमाप या गावावरून जात होते. आज ज्या गावाला लोक वाटेतले म्हणतात, ते एके काळी मधले होते.

सीमेचा इतिहास इथे पैनगंगेच्या काठावर वाचावा. बुलढाण्याच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी रिसोड तालुक्यातून येते आणि पुढे वाशीम व हिंगोली या जिल्ह्यांमधली सीमा बनते. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले, तेव्हापासून जवळजवळ शंभर वर्षे या पात्राच्या एका काठावर इंग्रजी अंमल होता आणि दुसऱ्या काठावर निजामाचा. इंग्रजी अमदानीत ‘बासीम’ हा स्वतंत्र जिल्हा होता, पुसद त्यातच मोडे. १९०५ मध्ये तो मोडून अकोला आणि यवतमाळ यांच्यात वाटला गेला. काठावरच्या गावांत बसून विचारले तर नात्यागोत्याची गावे दोन्ही तीरांवर निघतात. राज्यकर्त्यांनी नदीला कुंपण मानले, काठच्या माणसांनी उतार शोधून ठेवले. ते उतार नकाशात नाहीत, म्हाताऱ्यांना विचारूनच कळतात, आणि ती माणसे आता फार उरलेली नाहीत. या कामाची घाई मला त्यामुळे वाटते.

ईशान्येकडे कारंजा. लाडांचे कारंजे म्हणून ते ओळखले जाते. वेशी असलेले हे व्यापारी गाव इतके संपन्न होते की १६७० च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजांनी ते लुटले आणि त्या लुटीची नोंद इतिहासात राहिली. चुन्यात कस्तुरी कालवून बांधलेल्या हवेलीची आख्यायिका गावात अजून ऐकायला मिळते. दत्तसंप्रदायासाठी कारंजा म्हणजे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. गुरुचरित्र वाचणाऱ्या घराघरांतून हे नाव रोज घेतले जाते. गाणगापूर आणि नरसोबावाडीला जाणारा भाविक इथल्या गुरुमंदिरात आल्यावाचून राहत नाही. त्याच गावात जैनांच्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांच्या भट्टारकपीठांनी शतकानुशतके पोथ्या जपल्या. दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात पुष्पदंताने अपभ्रंश भाषेत लिहिलेले ‘जसहरचरिउ’ कारंज्याच्या ग्रंथमालेतून १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘करकंडचरिउ’ १९३४ मध्ये आले. मराठीच्या पूर्वजांपैकी एक असलेली भाषा जगाला परत मिळाली, तिच्या वाटेवर हे गाव आहे. म्हणून भाषेवर प्रेम करणाऱ्याने कारंज्याला जावे, आणि पोथी पाहायला मिळालीच तर हात न लावता पाहावी.

कारंज्याहून दक्षिणेकडे मानोऱ्याच्या बाजूला वळले की डोंगराच्या कुशीत पोहरादेवी. जगदंबा देवी आणि संत सेवालाल महाराजांची समाधी यांमुळे हे ठिकाण बंजारा समाजाची काशी मानले जाते. जवळच्या उमरीलाही समाजाची तीर्थे आहेत. रामनवमीला इथे महाराष्ट्राबरोबर तेलंगण आणि कर्नाटकातूनही लोक येतात. चैत्राच्या उन्हात पांढरे झेंडे घेऊन चालणारी माणसे, आरसे आणि कवड्या लावलेल्या फेटिया घागऱ्यांची झळाळी, भोगाचा धूर आणि नंगाऱ्याचा ठोका. एरवी मराठी, तेलुगू आणि कन्नड प्रदेशांत राहणारी ही माणसे तिथे एकमेकांशी गोरबोलीत बोलतात. या भाषेला स्वतःची लिपी नाही. ती आपल्याकडे देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू आणि कर्नाटकात कन्नड लिपीत. सीमांनी वाटलेला समाज वर्षातून एकदा एका डोंगराखाली एकत्र बसतो, आणि त्यासाठी त्याने घाटावरचाच मुलूख निवडला आहे.

या समाजाचा इतिहास म्हणजेच वाटांचा इतिहास. लदेणीचे बैल मीठ आणि धान्य घेऊन किनाऱ्यापासून दख्खनच्या पोटापर्यंत चालत. फौजांना दाणागोटा त्यांनीच पुरवला. आगगाडी आली, मिठाचा धंदा गेला आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हिंडणाऱ्या माणसालाच संशयित ठरवले. तो शिक्का कागदावरून १९५२ मध्ये गेला. बैल थांबले तेव्हा तांडे वसले. आज जिल्ह्यातल्या शेकडो कुटुंबांचा पत्ता कोणत्या ना कोणत्या तांड्याने संपतो. तिथे नायक आणि कारभारी या पदांना अजून मान आहे, श्रावणात मुली टोपल्यांत गहू पेरून तीज वाढवतात आणि होळीला लेंगी गातात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय खुले झाले. नंगाऱ्याच्या आकाराची ती वास्तू पाहावी. पण तिथून निघाल्यावर एखाद्या तांड्यात ओळखीने जावे आणि लदेणीच्या आठवणी असलेल्या आजीकडून वाटांची नावे ऐकावीत.

आता माळाकडे येऊ. जंगल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झाडे येतात आणि झाडे नसलेली जमीन पडीक वाटते. वाशीमचा निसर्ग समजायला ही सवय मोडावी लागते. महसुली कागदात ‘ई-क्लास’ म्हणून नोंदलेली गावोगावची गायराने आणि बरडावरची कुरणे हे इथले खरे रान आहे. कारंज्याजवळचे कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य अठरा चौरस किलोमीटरांहून थोडेसेच मोठे, पण ते गवताचे अभयारण्य आहे. काळवीट, रोही, खोकड आणि लांडगा यांना मोकळी नजर लागते, झाडी नको असते. हिवाळ्यात दूर उत्तरेहून आलेले भोवत्ये गवतावरून तरंगत फिरतात. अकोला-वाशीमच्या सीमेवरचे काटेपूर्णा अभयारण्य याहून वेगळे, डोंगर आणि जलाशयाचे.

गवताचा राजा मात्र तणमोर. पावसाळ्यात नर तणमोर गवतातून उसळी घेऊन माणसाच्या डोक्याइतका वर जातो, क्षणभर दिसतो आणि पुन्हा गवतात बुडतो. दिवसात शेकडो वेळा. मादीला बोलावण्याची त्याची ही रीत. कुरणे नांगरली गेली तसा तो जगातूनच संपत चालला आहे. अकोला आणि वाशीम जिल्ह्यांत त्याच्यासाठी जे काम उभे राहिले ते फासेपारध्यांना बरोबर घेऊन. ‘संवेदना’ ही संस्था अनेक वर्षे या समाजाबरोबर गवत आणि पक्षी राखण्याचे काम करते आहे. कोणत्या गवतात तितर अंडी घालतो, लावा कोणत्या वाटेने पाण्यावर येते, कोणता माळ कधी चरू द्यावा आणि कधी राखावा, हे पारध्याला पिढ्यांच्या भुकेने शिकवले. कायद्याने त्याला गुन्हेगार म्हटले, जंगलखात्याने शिकारी म्हटले. आज तोच माणूस माळाचा जाणकार म्हणून बोलतो तेव्हा आपण वही उघडून खाली बसावे, असे मला वाटते. निसर्गभ्रमंतीच्या अभ्यासात या जिल्ह्याने देशाला काही शिकवले असेल तर ते हे.

मंगरूळपीरला हजरत हयात कलंदर यांचा दर्गा आहे आणि त्याच गावात बिरबलनाथ महाराजांचे मंदिर. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचे जुने जैन तीर्थ आहे आणि त्याच गावात जानगीर महाराजांचे संस्थान. मालेगाव तालुक्यातल्या डव्ह्याला नाथनंगे महाराजांची यात्रा भरते. नाथ, कलंदर, दत्त, जिन आणि जगदंबा यांची ही शेजारवस्ती कोणी ठरवून वसवली नाही. वाटा जिथे मिळतात तिथे मुक्काम होतो, मुक्कामाला झाड लागते, झाडाखाली कोणी साधू किंवा फकीर बसतो आणि शंभर वर्षांनी तिथे जत्रा भरते. एका जत्रेतला माणूस दुसऱ्या जत्रेत दुकान मांडतो. या ठिकाणांबद्दल लिहिताना वादाच्या गोष्टी सहज हाती लागतात. आम्ही त्या लपवलेल्या नाहीत, पण पंगतीत बसून रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण जेवल्यावाचून त्यांवर मतही दिलेले नाही.

प्रवासाच्या वेगाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मूर्तिजापूरहून कारंज्यामार्गे यवतमाळला जाणारी ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांची गाडी वऱ्हाडच्या कापसासाठी घातली गेली. तिचा वेग इतका संथ होता की खिडकीतून पिकांची जात ओळखता येई. तिचे रूळ आज गवतात निजले आहेत. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, आणि कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव हे तालुके ओलांडायला आता तासभर पुरे होतो. रस्त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने दवाखाना जवळ आला, बाजार जवळ आला. पण त्या तासात दोन समुद्रांची पाणवाटणी ओलांडली जाते आणि गाडीतल्या कोणाला ते कळत नाही. महामार्गावरून उतरून खाली यावे, एवढीच विनंती.

खाली उतरलेल्याने कसे वागावे, याचा धडा पुन्हा आग्नेय आशियातूनच घेता येतो. थायलंडच्या मे हाँग सोन प्रांतात म्यानमारमधून आश्रयाला आलेल्या कायान समाजाच्या वस्त्या आहेत. गळ्यात पितळी वेढी घालणाऱ्या तिथल्या बायका पाहायला प्रवासी प्रवेशशुल्क भरून जातात. घर हेच प्रदर्शन झाले. पोहरादेवीच्या वाटेवर, पारध्यांच्या बेड्यावर असे काही घडू नये, याची काळजी आज मूठभर प्रवासी येतात तेव्हाच घ्यायला हवी. फोटो काढण्याआधी विचारावे आणि नकार मिळाला तर तो हसून घ्यावा. ज्याने वाट दाखवली त्याच्या दिवसाची मजुरी बुडते, ती द्यावी. श्रावण-भाद्रपदात कुरणात शिरू नये, तेव्हा गवतात अंडी असतात. तणमोर दूर रस्त्यावरून दिसला तर भाग्य मानावे, नाही दिसला तरी तो आहे यात समाधान मानावे. आणि ऐकलेली गोष्ट ज्याची त्याच्या नावावर ठेवावी.

ऋतू विचाराल तर प्रत्येकाचे आपले देणे आहे. फाल्गुनात डोंगर पळसाने पेटतो आणि तांड्यांत लेंगीचे सूर उठतात. चैत्रात पोहरादेवी. आषाढ-श्रावणात उगमांवर जावे, तेव्हाच नदी कुठून निघते ते कळते, कारण वैशाखात तिथे ओल्या दगडाखेरीज काही नसते. आश्विनात वाशीमचा बालाजी, आणि मार्गशीर्षात तुरीचा बहर व माळावरचे पाहुणे पक्षी.

पुढच्या लेखांमध्ये इतिहासाचे अभ्यासक आहेत, पक्षीनिरीक्षक आहेत, शिक्षक आहेत, गोरबोली घरात बोलणारे आहेत. त्यांचे एकमेकांशी सगळ्याच बाबतीत पटत नाही आणि मी ते पटवून घेतलेले नाही. विद्यार्थ्याला इथे आयुष्यभराचे काम मिळेल : पैनगंगेचे उतार, लदेणीच्या वाटा, गवतांची गावोगावची नावे, जुन्या तळ्यांचे पाळ. यांतले एकही काम परदेशी शिष्यवृत्तीवाचून अडणारे नाही. वही, पाण्याची बाटली आणि आजोबा-आजींशी बोलायची हौस पुरे आहे.

वाचकाला माझे सांगणे एवढेच, की हे पुस्तक वाचण्याआधी किंवा वाचून झाल्यावर एक नदी निवडा. अडाण घ्या, अरुणावती घ्या, पूस घ्या, काटेपूर्णा घ्या. तिच्या उगमापासून जिल्ह्याच्या सीमेपर्यंत जमेल तितके चाला. वाटेत कोणीतरी बांधावरून हाक मारील आणि कायले हिंडता म्हणून विचारील. तेव्हा नकाशा घडी करून पिशवीत ठेवा, त्या धुऱ्यावर बसा आणि आधी त्यांनाच विचारा, “बाबा, इथलं पाणी कोणीकडं जाते?”